एका हाताने कुर्ल्या: घाटकोपर ते मढ

आधी माफी मागतो. आम्ही मढला जाऊन आलो ते संक्रांतीनंतर, अमावास्येच्या दोन दिवस आधी. आता होळी होऊन गेली आणि मी लिहायला बसलोय. मागच्या लेखाखाली दोघातिघांनी विचारलं होतं, काका, भावाला घेऊन जाणार होतात त्याचं काय झालं. मी उत्तर दिलं नाही. गुडघे दुखतात, सूनबाईला ऑफिसातून वेळ नाही, फोनचा पडदा तडकलाय, अशी कारणं मी स्वतःलाच सांगत राहिलो. खरं कारण वेगळं आहे. या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती चारचौघांत सांगायची लाज वाटत होती. शेवटी सुधाच म्हणाला की लिहायचं तर सगळं लिही, नाहीतर लोकांना काय उपयोग. म्हणून सगळं लिहितो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढे गिरणी आणि गिरणीनंतर मुलुंडचा कारखाना. शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

सुधा म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी मुंबईला आलो, तो मालवणाकडे गावीच राहिला. वायरमनची कामं करायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. त्याची बायको आधीच वारलेली, मुलगी सासरी. मग मी त्याला घाटकोपरला आमच्या घरी आणलं. पहिली दोन वर्षं व्यायाम करायचा, रबरी चेंडू दाबायचा. गेल्या दिवाळीपासून त्याने चेंडू खाली ठेवला. विचारलं तर म्हणायचा, कशासाठी? हात बरा करून मी काय करणार?

आमच्या लहानपणी गावात शिकार होती. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, डुकराच्या मागावर माणसं जायची, आम्ही पोरं हाकारे घालायचो. ती शिकार कायद्याने बंद झाली आणि झालं ते बरंच झालं, मला तर तेव्हाही भीती वाटायची. पण कुर्ल्यांची शिकार राहिली. कुर्ली म्हणजे खेकडा, मुंबईचे कोळी तिला चिंबोरी म्हणतात; अमावास्येच्या आसपास ती मांसाने भरलेली असते. त्यात आमच्या वाडीत सुधाचा हात कुणी धरत नसे. ओहोळाच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि गालात हसत बाहेर काढायचा. त्या उजव्या हातावर अजून नांग्यांचे व्रण आहेत.

तर आम्ही त्याला खूप ठिकाणी नेलं. मॉलमध्ये नेलं, तिथे उतार असतो, लिफ्ट असते. बागेत नेलं. देवळात नेलं, तिथे दोघांनी उचलून पायऱ्या चढवल्या. प्रत्येक वेळी तो चाकांच्या खुर्चीत बसून इकडेतिकडे बघायचा आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. डिसेंबरात मी म्हटलं, चल, मढला जाऊ, खाडी बघू, जनाबायच्या घरी चिंबोऱ्या खाऊ. जनाबाय म्हणजे कारखान्यात माझ्याबरोबर असलेल्या मोतीरामची बायको. मोतीराम आता नाही, पण खाडीवर तिचे फग, म्हणजे चिंबोऱ्या धरायची जाळी, चालू आहेत.  सुधा म्हणाला,

"माका बसाक नेऊ नको. शिकारीक नेतंस तर चल. एक तरी कुर्ली माझ्या हातान येवक व्हयी. नायतर ह्यापुढे माका खय नेऊ नको."

त्याचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच ते खरं वाटलं. ही शेवटची सहल ठरणार की काय, याची मला रात्रंदिवस काळजी लागली.

आता जाण्याचं सांगतो. खुर्ची घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

मी आदल्या आठवड्यात एकटा जाऊन सगळा रस्ता बघून आलो. बायको म्हणाली, चंद्रावर निघालाय का. पण मला बघितल्याशिवाय झोप येत नाही. मेट्रोची लिफ्ट कुठे आहे, ती चालू आहे का, वर्सोव्याला उतरल्यावर रस्त्यापर्यंत किती पायऱ्या, सगळं एका कागदावर लिहून आणलं. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो अगदी सोयीची. लिफ्टने वर, डब्यात खुर्चीची जागा. फलाट आणि डबा यांच्यातली फट बोटभरच असते, तरी पुढची चाकं आडवी झाली तर अडकतात. खुर्ची उलटी फिरवा, मोठी चाकं आधी आत घ्या. हे मला तिथल्या एका सुरक्षारक्षक बाईंनी शिकवलं. सकाळी सातच्या आत निघा, नंतर मुंगी शिरायला जागा मिळत नाही.

वर्सोवा स्टेशनवरून जेट्टीपर्यंत रिक्षा. तीन रिक्षावाल्यांनी खुर्ची बघून मान हलवली. चौथा उतरला, खुर्चीची घडी स्वतः केली, सीटच्या मागे कोंबली आणि म्हणाला, माझी आई पण अशीच आहे. मीटरवर एक पैसा जास्त घेतला नाही. अशा माणसाचं नाव विचारायला हवं होतं, मी घाईत विसरलो.

जेट्टीवरून मढला जायला नाव असते. पाच-सात मिनिटांत पलीकडे. तिकीट फार नाही, सुट्टे ठेवा. या नावेतून मोटारसायकलीपण जातात, त्यासाठी एक रुंद फळी टाकतात. आमची खुर्ची त्याच फळीवरून चढली. चढताना तिकीटवाला आणि नावेवरचा माणूस यांच्यात वाद लागला. तिकीटवाल्याचं म्हणणं, चाकं आहेत ना, मग गाडीचं तिकीट. नावेवरचा म्हणाला, अरे इंजिन कुठाय तिच्यात? तिकीटवाला म्हणाला, सायकलला तरी कुठाय, तिचं घेतोच ना आपण. शेवटी सुधाने त्याला विचारलं की मग मी माणूस म्हणून फुकट का? सगळी नाव हसली आणि एकाच माणसाचं तिकीट लागलं. खूप दिवसांनी सुधाने असं कुणाला टोकलं होतं. मी मात्र दोन्ही हातांनी खुर्चीचा ब्रेक दाबून धरला होता. नाव जराशी कलली की मला घाम फुटत होता.

एक सूचना. सकाळी भरती चढत असताना जा. ओहोटीला पाणी खाली जातं, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि फळी अशी उभी लागते की खुर्चीची वाट लागते. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात, फोनवरही मिळतात.

मढच्या धक्क्यावरून पुन्हा रिक्षा करून जनाबायच्या घरी. घर खाडीच्या अंगाला. मागच्या दारी दगडी बांध, बांधाच्या पायथ्याशी पाणी, पलीकडे तिवरांची दाट हिरवी भिंत. कुठल्यातरी बंगल्यात शूटिंग चालू होतं, तिथला लाऊडस्पीकर मधूनमधून ऐकू यायचा, एकच वाक्य दहादहा वेळा. जनाबायने चहा आणि तांदळाची भाकरी पुढे केली. सुरमईचा तुकडा होता, तो सुधाने खाल्ला नाही. त्याचं लक्ष पाण्याकडे होतं.

फग म्हणजे काय ते सांगतो. लोखंडी कडं, त्याला खाली जाळ्याची झोळी. मधोमध माशाचं डोकं बांधायचं. कड्याला तीन दोऱ्या, वर त्या एकाच दोरीला जोडलेल्या. फग पाण्यात सोडला की तळाच्या चिखलावर सपाट बसतो. चिंबोरी वासाने येते, कड्यावर चढून खायला लागते. दहा-पंधरा मिनिटांनी दोरी झपझप ओढायची. ओढताना हात थांबला की संपलं, चिंबोरी उडी मारून गेली. म्हणून दोन हात लागतात. एक हात ओढतो तेव्हा दुसरा पुढे पोचलेला असतो. सुधाला एकच हात.

मी जनाबायला फोनवर आधीच विचारलं होतं की तुम्ही ओढा आणि शेवटचं टोक त्याच्या हातात द्या, चालेल का. ती म्हणाली होती, बघू. पण सुधा तिच्यासमोर ते ऐकून घेणार नव्हता. त्याने बांधावर पडलेला सामानाचा ढीग बघितला. जुनं वल्हं, बांबू, नावेच्या खालचे ओंडके. मग मला विचारलं की आपल्या विहिरीवरची लाट आठवते का.

का नाही आठवणार. दोन खांबांवर आडवा टाकलेला लांब वासा. एका टोकाला बादलीची दोरी, दुसऱ्या टोकाला दगड. आम्ही दोघांनी त्या लाटेने माडांना पाणी घातलंय. सुधा म्हणाला, तीच करू. बांबूच्या लांब टोकाला फग, आखूड टोकाला दगड, आणि आखूड टोक एका हाताने खाली दाबायचं. एकाच दमात फग सरळ वर येईल, मध्ये हात बदलायची गरजच नाही.

जनाबाय कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "मोतीराम असता तर म्हनला असता, एवढी अक्कल अर्ध्या अंगात, तर पुऱ्या अंगात किती असंल."

"पुऱ्या अंगात होती तेव्हा वापरली नाय," सुधा म्हणाला.

तासभर त्यांचं काम चाललं. जनाबायने बांधाच्या फटीत दुबेळक्याचा, म्हणजे वर दोन फाटे असलेला, खांब ठोकला, त्यावर बांबू काथ्याने बांधला. सुधाची खुर्ची आखूड टोकाशी लावली, चाकांखाली विटा दिल्या. टोकाला दोरीचं कडं केलं, हाताने धरायला. वजनासाठी जुन्या जाळ्याची पिशवी टांगली आणि तिच्यात दगड भरायला लागली. इथे सुधा एकदम कडक झाला. एक दगड घाल म्हणे, थांब म्हणे, बघतो म्हणे. आता तो लहान काढ आणि त्याहून लहान घाल. त्याने समजावून सांगितलं की विहिरीवर दगड जड लागतो, कारण बादली आपण ओढून खाली घालतो. इथे फग आपणहून तळाला बसला पाहिजे, म्हणून दगड फगापेक्षा थोडा हलका. उरलेला जोर माझ्या हाताचा. हाताचा म्हणताना त्याने डाव्या हाताची मूठ वळून बघितली.

मी ते ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे मला कळलं नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

झालं असं की सुधाने दोनदा रिकामं दाबून बघितलं. फग वर आला, झकास आला, पण सुधाच्या मानेवरची शीर फुगली. मला झटक्याच्या दिवसाची आठवण झाली. डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती, निदान मला तसं आठवत होतं. पुढच्या दोन तासांत तो वीस-पंचवीस वेळा दाबणार, परत काही झालं तर या खाडीच्या टोकाला दवाखाना कुठे? जनाबाय फगाला माशाचं डोकं बांधत होती. सुधाला लघवीला लागली म्हणून मी भांडं आणायला आत गेलो. (हे भांडं सोबत ठेवा, लाजू नका. अशा ठिकाणी खुर्ची आत जाईल असं न्हाणीघर नसतं.) परत येताना बांधावरचे मुठीएवढे दोन धोंडे उचलले. पिशवी बांधाच्या घराकडच्या कडेखाली लोंबत होती, खुर्चीतून दिसत नव्हती. मी ते दोन धोंडे हळूच तिच्यात सोडले. तेवढाच त्याच्या हाताला आराम, असा माझा विचार.

भरती आता जोर धरायला लागली. जनाबायने सुधाचा फग पाण्यात ढकलला आणि स्वतःचे चार फग घेऊन बांधावर पुढे, वीसेक पावलांवर गेली.

पंधरा मिनिटांनी सुधाने दाबलं. फग सुर्रकन वर आला. माशाचं डोकं जसंच्या तसं. तो हसला, पहिला कधी मिळत नाही म्हणाला. परत सोडला. पंधरा मिनिटं. काही नाही. तिकडे जनाबायने दोन काढल्या, त्यांच्या नांग्या सुतळीने बांधून टोपलीत टाकल्या. तिसऱ्यांदा काही नाही. चौथ्यांदा काही नाही. जनाबायने येऊन माशाचं डोकं बदललं, मुशी माशाचा तुकडा लावला. ती म्हणाली, इथंच तर कायम मिळतात. पाचव्यांदाही काही नाही.

मी आपला सुधावर उन्हाची छत्री धरून उभा. वर येताना फग किती हलका येतोय, हे बघून मला बरंच वाटत होतं. त्याच्या मानेची शीर आता फुगत नव्हती.

मग सुधा बांबूकडे एक डोळा बारीक करून बघायला लागला. मला म्हणाला, "दादा, काठी माका वर दिसता. मघा खाली होती. फग टेकलो नाय असतलो."

मला तेव्हाच कळलं. अगदी तेव्हाच. माझ्या दोन धोंड्यांनी फग तळापासून उचलला होता, हातभर वर, पाण्यात लोंबकळत. चिंबोरी चिखलावरून चालते, ती काय उडून येणार? सगळी सकाळ माझा भाऊ पाण्यात अधांतरी टांगलेल्या जाळ्यासमोर बसला होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, भरती आली ना, पाणी हलतंय म्हणून तुला तसं वाटतंय, काठी जिथे होती तिथेच आहे.

का म्हणालो, ते मी या दोन महिन्यांत पुष्कळदा स्वतःला विचारलं. घाबरलो, एवढंच.

सुधाने परत बघितलं. मग त्याने डोळे चोळले. झटक्यानंतर त्याला उजव्या बाजूचं कमी दिसतं, हे आम्हाला माहीत आहे. तो हळूच म्हणाला, "तसा असात. माझी नजरव गेली असतली." आणि दोरीचं कडं हातातून सोडून दिलं. डावा हात मांडीवर ठेवला, उजव्या हाताच्या शेजारी, तसाच.

तो हात तिथे ठेवलेला मला बघवला नाही. नजरेतलं त्याच्याकडे जे काही शिल्लक होतं ते खरं होतं, आणि मी ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मी छत्री मिटली. म्हटलं, सुधा, तुझी नजर बरोबर आहे. काठी वर आहे. मी पिशवीत धोंडे टाकलेत.

"कितके?"

"दोन."

"कधी?"

"भांडं आणायला गेलो तेव्हा."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे शिव्यांना तोटा नाही. तो पाण्याकडे बघत राहिला. जनाबाय आपला फग अर्ध्यात सोडून तिथेच थांबली होती. भरती जवळजवळ भरली होती, पाणी बांधाच्या दुसऱ्या दगडापर्यंत आलं होतं. एकदा पाणी उतरायला लागलं की या जागी काही मिळत नाही, हे तिने सकाळीच सांगितलं होतं.

मग सुधा म्हणाला, "ते काढ. आणि थय त्या झाडाकडे जावन बस. आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारीसर फिरा नको."

मी वाकून दोन्ही धोंडे काढले आणि गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शाळेत मास्तरांनी कोपऱ्यात उभं करावं तसा, त्या झाडाखाली जनाबायच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर जाळी वाळत घातली होती. मी तिची भोकं मोजली, ओळीत चाळीसपर्यंत. मागे फग पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. शूटिंगवाल्यांचं तेच वाक्य परत. मला वाटत होतं, त्याच्या मानेची शीर फुगली असेल. मला वाटत होतं, खुर्चीखालची वीट सरकली असेल. वळायला मान शिवशिवत होती. वळलो नाही.

बांबू करकरला. पाणी निथळल्याचा आवाज आला. जनाबाय म्हणाली, गेली, गेली, जाऊ दे, पन होती. होती म्हणजे एक कुर्ली फगात चढली होती आणि निसटली. सुधाचा आवाज आला, परत टाक. त्या आवाजाला मी ओळखत होतो. ओहोळात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो असाच बोलायचा, मागे न बघता.

पुन्हा तो वेळ. पुन्हा बांबू करकरला, आणि या वेळी जनाबाय जोराने हसली.

"दादा, फिर आता."

मी वळलो. फग पाण्याच्या वर टांगलेला होता, सुधा आखूड टोकावर डाव्या हाताने आणि अर्ध्या छातीने ओणवा झाला होता, तोंड लालबुंद, शीर फुगलेली. आणि जाळीत एक काळीहिरवी कुर्ली, दोन्ही नांग्या वर करून, आम्हा तिघांवर चिडलेली. मोठी होती असं म्हणणार नाही. मध्यम होती. बाजारात तिला कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं.

जनाबाय फग आत ओढायला पुढे झाली तर सुधाने मानेनेच नाही म्हटलं. बांबू तसाच दाबून ठेवून कमरेने वळवला, फग बांधावर आणला आणि मग हळूहळू सोडला. जनाबायने फक्त कुर्लीच्या नांग्या बांधल्या, कारण त्याला खरोखर दोन हात लागतात, आणि त्याने ते तिला स्वतः सांगितलं. पाणी थांबायच्या आत अजून एक मिळाली. दोन. आमच्या गावी ओहोळात तो एका सकाळी वीस काढायचा.

जेवायला जनाबायने तिच्या चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. तिने पैसे घ्यायला नकार दिला, मी भांडलो, शेवटी एका माणसाच्या जेवणाचे घेतले. जेवताना सुधा माझ्याशी बोलला नाही. जनाबायशी बोलत होता, बांबूऐवजी फायबरचा पाइप लावला तर किती हलका होईल, असं काहीतरी. मी वाटी सरकवली तर घेतली. तेवढ्यावरून मी ओळखलं की दरवाजा अगदीच बंद नाही.

परतीला ओहोटी होती, म्हणून नाव टाळली आणि टॅक्सी केली. मढवरून मार्वे, मालाड, मग जोगेश्वरीचा जोडरस्ता पकडून घाटकोपर. दोन तास लागले आणि जाण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे गेले, तयारी ठेवा. पिशवीत ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या दोन कुर्ल्या सुधाच्या मांडीवर. पवईच्या आसपास रस्ता तुंबला तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला की धोंडे टाकलेस त्याचा राग नाही, तू लहानपणापासून असाच आहेस, आईने एक भाकरी दिली तर तू मला दोन द्यायचास आणि माझं पोट बिघडायचं. राग त्याचा आहे की मी विचारलं तेव्हा तू खोटं बोललास. मला आता माझ्या अंगावर विश्वास ठेवायला आधीच अवघड जातं. त्यात तुझ्यावर पण ठेवता येईना तर मी विचारायचं कुणाला?

मी हात जोडले. तो म्हणाला, हात सोड, ड्रायव्हर बघतोय.

घरी बायकोने त्या दोन कुर्ल्या वाटण लावून केल्या. कुर्ली खायला दोन हात लागतात, ज्यांनी खाल्ली आहे त्यांना माहीत आहे. सुधाने पाट्यावर नांगी ठेवून डाव्या हाताने वरवंटा मारला, एक तुकडा उडून टीव्हीवर गेला. बायको म्हणाली, भावजी, टीव्हीला पण वाढलंत का. त्याला जेवायला तास लागला. मी माझे हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. हे मी उगाच लिहीत नाही, खरंच मांडीखाली. नाहीतर ते आपणहून त्याच्या ताटाकडे जातात.

आता दोन महिन्यांनंतर काय राहिलं ते सांगतो. चेंडू परत सुरू झालाय. सकाळ-संध्याकाळ, मोजून. मध्ये एक अमावास्या गेली, तेव्हाही आम्ही मढला गेलो, चार मिळाल्या, मी बांधावर होतो आणि माझी पाठ कुणाकडेही नव्हती. काळजी माझी कमी झालेली नाही, ती या वयात कुठे जाणार. पण आता त्याच्यासाठी काही करायचं मनात आलं की मी आधी तोंडाने विचारतो. दहापैकी सात वेळा तो नको म्हणतो. उरलेल्या तीन वेळा मला फार बरं वाटतं.

आणि त्याच्या उशाला आता एक वही आहे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंची शिवलेली. तिच्यात तो लाटेची चित्रं काढतो, डाव्या हाताने, वेडीवाकडी. एक हात नसलेल्याला अशी, दोन्ही पाय नसलेल्याला खुर्ची पाण्याच्या किती जवळ हवी, ज्याला दिसत नाही त्याला दोरीला घुंगरू बांधून कुर्ली चढल्याचं कळेल का. मापं सगळी अंदाजाने घातलीत, कारण त्याला माहीत असलेलं शरीर एकच, स्वतःचं. काल तो म्हणाला की मुंबईत एवढी माणसं, शिकारीला जायची सवय असलेला आणि मग झटका आलेला मी एकटाच असेन का?

म्हणून ही विनंती. तुमच्या घरात, चाळीत, बिल्डिंगमध्ये असं कुणी असेल, गावी गरी टाकणारं, कुर्ल्या धरणारं, आणि आता खुर्चीत नाहीतर खाटेवर असलेलं, तर त्यांना हे वाचून दाखवा. त्यांचा कुठला हात चालतो, बसून किती वाकता येतं, एवढं विचारून इथे खाली लिहा. पावसाळा लागला की जनाबायचा बांध बंद होतो, त्याआधी तीनच अमावास्या आहेत. सुधा रोज संध्याकाळी मला फोन उघडायला लावतो आणि विचारतो, कोणाचा काय इला? मी त्याला आता खोटं सांगत नाही. अजून कोणाचं आलेलं नाही, असंच सांगतो. तेव्हा जरा लवकर कळवा.